मेंदूची राखण कवटीच्या बाहेर

शरीरातील जड धातूंविषयी मराठी घरांत सध्या जी चर्चा चालते, ती ऐकताना ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आठवल्यावाचून राहत नाही. एका बाजूला कोथिंबिरीचा रस, लसूण, हळदीतून काढलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्या आणि ‘डिटॉक्स’ या नावाखाली विकली जाणारी नाना चूर्णे मेंदूतील शिसे आणि पारा उपसून काढतात, असे छातीठोकपणे सांगणारी मंडळी आहेत. दुसऱ्या बाजूला हे सारे थोतांड असून यकृत आणि मूत्रपिंडे आपले काम चोख करीत असतात, असे म्हणून त्यांची टिंगल करणारी मंडळी आहेत. पाहता पाहता हा वाद आयुर्वेद विरुद्ध आधुनिक वैद्यक या ठरीव आखाड्यात जाऊन पडतो आणि तेथून बाहेर येत नाही. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकीच्या जागी उभे राहून भांडत आहेत. धातू शरीरात शिरल्यानंतर त्याचे काय करायचे एवढाच प्रश्न दोघांना दिसतो, आणि जो काही उपाय करायचा तो ज्याचा त्याने आपल्या खिशातून करायचा, हे दोघांनीही न बोलता मान्य करून टाकले आहे. मेंदूच्या पेशींना धातूंपासून वाचवण्याचे काम आजवर मोठ्या प्रमाणावर जिथे साधले, तिथे ते कवटीच्या बाहेर साधले आहे: पेट्रोलच्या टाकीत, रंगाच्या डब्यात, डायलिसिसच्या पाण्यात, हळदीच्या गिरणीत. पेशीच्या आत बसून राखण करण्याचे प्रयत्न मात्र, एकदोन सन्माननीय अपवाद सोडले तर, फसलेले आहेत.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी शिसे मेंदूत नेमके काय करते ते पाहिले पाहिजे. चेतापेशींचा सारा व्यवहार कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर चालतो, आणि शिशाचा आयन (विद्युतभारित कण) कॅल्शियमचे सोंग इतके बेमालूम वठवतो की कॅल्शियमसाठी राखलेल्या दारांतून तो बिनदिक्कत आत जातो. एकदा आत गेल्यावर संदेशवहनाच्या ज्या प्रथिनांना कॅल्शियमने चालना द्यायची, त्यांना तो भलत्याच वेळी चालना देतो. शिकणे आणि लक्षात ठेवणे यांसाठी लागणारी, संदेश स्वीकारणारी प्रथिने (रिसेप्टर) तो अडवून धरतो. प्रथिनांतील गंधकयुक्त टोकांना चिकटून ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्ये निकामी करतो. प्रौढांचा मेंदू हे काही अंशी सोसतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या मेंदूत मात्र त्याच सुमारास असंख्य जोडण्या तयार होत असतात, आणि त्यांतल्या कोणत्या ठेवायच्या व कोणत्या छाटायच्या हे त्या पेशींच्या आपसातील संदेशांवरच ठरत असते. त्या वेळी संदेशच खोटे असतील, तर चुकीची जोडणी राहते आणि हवी ती छाटली जाते. शिसे नंतर निघून गेले तरी ती वीण उसवून पुन्हा विणता येत नाही. शिवाय अन्नपाण्यातून आलेले शिसे लहान मूल प्रौढाच्या चार ते पाच पट शोषून घेते. रक्तातील शिसे महिना-सव्वा महिन्यात निम्मे होते खरे, परंतु त्याचा मोठा वाटा हाडांत जाऊन बसतो आणि तिथे तो दशकानुदशके राहतो. गरोदरपणी आईच्या हाडांतले कॅल्शियम बाळासाठी मोकळे होऊ लागले की त्याच्याबरोबर तिच्या बालपणीचे शिसेही बाहेर पडते. आजीच्या काळातील विष नातवापर्यंत पोहोचण्याची ही वाट आहे.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे आधी मान्य करतो. पेशी वाचवण्याचे संशोधन हे भोंदूपणाचे दुकान नाही. शिसे, पारा, मँगनीज हे धातू पेशीत ऑक्सिडीकरणाचा ताण (पेशीला आतून पोखरणारी रासायनिक झीज) वाढवतात, आणि कर्क्युमिन, क जीवनसत्त्व किंवा एन-ॲसिटिल सिस्टीन यांसारखी द्रव्ये काचेच्या बशीत आणि उंदरांच्या मेंदूत तो ताण कमी करतात, हे अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. ज्या मुलाच्या अंगात शिसे आधीच भिनले आहे, त्याच्या आईला ‘उगमापाशी उपाय करा’ असे सांगणे म्हणजे पुरात वाहून चाललेल्या माणसाला धरणाच्या बांधकामाचे महत्त्व पटवण्यासारखे आहे, हा आक्षेपही खरा आहे. आणि धातू हे सरसकट शत्रूही नाहीत. लोह, तांबे, जस्त, मँगनीज यांच्याशिवाय मेंदू एक दिवसही चालणार नाही, त्यामुळे ‘सगळे धातू बाहेर काढा’ ही घोषणा जितकी अडाणी, तितकीच ‘धातू म्हणजे विष’ ही भीतीही अडाणी आहे. हे सारे कबूल करून प्रश्न उरतो तो असा: पेशीच्या आत शिरलेल्या शिशाचा पाठलाग करून मुलाची बुद्धी परत मिळवता येते काय?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजावर सोडलेले नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात चार केंद्रांतील ७८० लहान मुलांवर याची शिस्तशीर परीक्षा झाली. मुलांचे वय एक ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान होते आणि रक्तातील शिसे दर डेसिलिटरला २० ते ४४ मायक्रोग्रॅम होते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्या मुलांना सक्सिमर हे शिशाला घट्ट धरून लघवीवाटे बाहेर नेणारे औषध दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. औषधाने आपले काम केले; रक्तातील शिसे झपाट्याने उतरले. तीन वर्षांनी मुलांची बुद्धी, वर्तन आणि आकलन तपासले तेव्हा मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही, आणि सात वर्षांच्या वयात पुन्हा तपासले तेव्हाही आढळला नाही. ‘बैल गेला आणि झोपा केला’ याचे याहून काटेकोर प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही. हे लक्षात घ्यावे की सक्सिमर हे कोणा भोंदूचे चूर्ण नव्हते. शिशाला पकडण्याची सिद्ध झालेली ताकद असलेले ते औषध होते. जे काम त्याला जमले नाही, ते कोथिंबिरीच्या रसाला जमेल असे मानायला आधार कोणता? धातूला धरून बाहेर नेणाऱ्या याच उपचाराचा, म्हणजे चिलेशनचा, दुसरा, काळा अध्यायही आहे. अशी औषधे शिशाला जशी धरतात तशी हव्या असलेल्या खनिजांनाही धरू शकतात, आणि त्यांपैकीच ईडीटीए हे औषध चुकीच्या प्रकारचे शिरेतून दिल्याने रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात दोन बालके आणि एक महिला दगावली. त्यांतील एका मुलाला हा उपचार स्वमग्नतेसाठी दिला गेला होता.

म्हणून चिलेशन मोडीत काढायचे काय? मुळीच नाही. विल्सन रोगात यकृताला तांबे बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूत साठत जाते; १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे तांब्याला धरून बाहेर नेणारे औषध वापरायला सुरुवात केली, त्याआधी हा आजार म्हणजे मृत्यूची शिक्षाच होती. तिथे धातूचा उगम शरीरातील जनुकीय दोषातच असल्यामुळे बाहेर बंद करण्याजोगे फारसे काही नसते, आणि म्हणून तो माझ्या म्हणण्याला खरा अपवाद आहे. दुसरे उदाहरण नायजेरियातील झाम्फारा प्रांताचे. २०१० मध्ये तिथल्या खेड्यांत सोन्याचे खनिज घरोघरी दळले जात होते, त्या खनिजात शिसे ठासून भरलेले होते, आणि काही महिन्यांत चारशेहून अधिक बालके मेली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या पथकांनी चिलेशन करून असंख्य मुलांचे प्राण वाचवले. पण या कथेतील जो भाग कधी सांगितला जात नाही, तोच माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्या गावाची अंगणे आणि घरे खरवडून स्वच्छ झाली नव्हती, तिथे त्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले नाहीत. बागेगा नावाच्या गावाला त्यामुळे २०१३ पर्यंत थांबावे लागले. विषारी अंगणात परत जाणाऱ्या मुलाला औषध देणे व्यर्थ आहे, हे जगातील सर्वांत मोठी शिसे-विषबाधा हाताळणाऱ्यांनी औषध हातात असताना ठरवले. म्हणजे चिलेशनने जीव वाचतो, आकडी आणि बेशुद्धी टळते. परंतु तेही अंगण साफ झाल्यानंतर.

आहाराच्या बाबतीत मी आणखी एक पाऊल प्रतिपक्षाकडे टाकायला तयार आहे. आतड्यात लोह शोषून घेणारी जी वाट आहे, तिच्यावरूनच शिसेही आत येते. मुलाच्या अंगात लोह कमी असेल तर ती वाट रुंद होते आणि शिशाचे फावते. बंगळुरूमध्ये शाळकरी मुलांना लोहयुक्त तांदळाचे जेवण दिल्यावर त्यांच्या रक्तातील शिसे उतरले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. जिथे निम्म्याहून अधिक मुले रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, त्या आपल्या देशात ही गोष्ट छोटी नाही. पण मेक्सिकोतील तोर्रेओन येथे, धातू गाळणाऱ्या कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या शाळकरी मुलांना लोह आणि जस्त दिले, तेव्हा त्यांच्या आकलनशक्तीत सुधारणा झाल्याचे आढळले नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की अर्थ लागतो: आहार दारावर पहारा देतो, आत शिरलेल्या चोराला हुसकावत नाही. आणि बंगळुरूचा उपाय हा बाजारातील डबाबंद पूरक नव्हता, शाळेतले जेवण होते. ‘मेंदूसाठी’ म्हणून सहाशे रुपयांची बाटली विकत घेणाऱ्या घरातील मुलाला बहुधा रक्तक्षय नसतो, आणि ज्याला असतो त्याच्या घरी ती बाटली येत नाही.

इतिहासाकडे पाहिले तर हा वाद नवा नाही आणि तो कसा हरवला जातो याचाही नमुना आपल्यासमोर आहे. १९२१ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याला इंजिनची ठोक थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे शिशाचे संयुग सापडले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन, हातपाय बांधलेल्या अवस्थेत मेले; वृत्तपत्रांनी त्या द्रव्याला ‘वेडाचा वायू’ म्हटले. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या वैद्यकांनी तेव्हाच धोक्याची घंटा वाजवली होती. तरीही पुढची चाळीस वर्षे उद्योगाच्या बाजूने रॉबर्ट केहो या वैद्यकांनी एकच युक्तिवाद लावून धरला: शिसे निसर्गतःच शरीरात असते, शरीर त्याचा निचरा करते, एका मर्यादेखाली ते निरुपद्रवी असते, अपाय होतो असे म्हणणाऱ्याने तो सिद्ध करावा. आज ‘यकृत आणि मूत्रपिंडे आहेत की’ म्हणणारे आमचे विवेकवादी मित्र नकळत केहोंचीच री ओढत असतात, याचे मला दुःख होते, कारण एरवी मी त्यांच्याच बाजूचा आहे. १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की ज्याला ‘नैसर्गिक’ पातळी म्हटले जाते ती माणसाने शतपटीने फुगवलेली आहे. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले, आणि ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धी व वर्गातील लक्ष कमी, असे दाखवले. (आपल्याकडे ते दात कौलांवर फेकले जातात किंवा तुळशीत पुरले जातात.) सात ठिकाणच्या १,३३३ मुलांच्या एकत्रित अभ्यासातून २००५ मध्ये आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली: रक्तातील शिसे २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर जाताना बुद्ध्यंक जितका घसरतो, तितका तो १० वरून २० वर जाताना घसरत नाही. सर्वांत तीव्र हानी अगदी सुरुवातीच्या थेंबांनी होते. ‘एका मर्यादेखाली निरुपद्रवी’ या वाक्याखालची जमीनच त्यामुळे सरकली.

मग अमेरिकी मुलांचे मेंदू कशाने वाचले? १९७६ ते १९८० या काळात तिथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसे होते; आज ते एकाहून कमी आहे. एवढी मोठी घसरण कोणत्याही पूरकाने घडवलेली नाही. पेट्रोलमधले, खाद्यपदार्थांच्या डब्यांचे सांधे जोडणाऱ्या झाळणातले आणि घराच्या रंगातले शिसे काढल्याने ती घडली. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि जगातील शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल विकणाऱ्या देशांच्या यादीतून बाहेर पडला. जपानमधील मिनामाता येथे उलटा धडा मिळाला. पुढे ‘मिनामाता रोग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पाऱ्याच्या विषबाधेचा पहिला रुग्ण १९५६ मध्ये तिथे अधिकृतपणे नोंदवला गेला, १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले, पण नेमकी यंत्रणा कोणती, पारा नक्की कुठला, यावर वाद घालता घालता १९६८ उजाडले आणि तोवर तिथल्या रसायन कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी खाडीत जातच राहिले. पेशीत काय घडते याची पूर्ण उकल होईपर्यंत नळ उघडा ठेवणे, याला सावधपणा म्हणायचे काय?

ॲल्युमिनियमचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते, कारण त्याविषयी आपल्या स्वयंपाकघरांत सर्वाधिक बोलले जाते. १९७० च्या दशकात डायलिसिसवरील काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, त्यांना झटके येऊ लागले, स्मृती गेली आणि काही महिन्यांत ते मेले. शोध घेता कारण सापडले ते डायलिसिसच्या पाण्यातील आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या काही औषधांतील ॲल्युमिनियममध्ये. निरोगी माणसाची मूत्रपिंडे जे बाहेर टाकतात, ते या रुग्णांच्या मेंदूत साठत होते. पाणी शुद्ध केले गेले, औषधे बदलली गेली आणि तो आजार जवळजवळ नामशेष झाला. या सत्य घटनेचे शेपूट धरून ‘ॲल्युमिनियमच्या पातेल्याने विस्मृतीचा आजार होतो’ ही समजूत मात्र घरोघरी पसरली. निरोगी मूत्रपिंडे असलेल्या माणसाच्या बाबतीत तिला भक्कम पुरावा नाही. गंमत अशी की पातेल्याकडे संशयाने पाहण्याचे एक खरे कारण आहे, ते वेगळेच आहे. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिसे असू शकते. अमेरिकेतील सिएटल परिसरात आलेल्या अफगाण निर्वासित मुलांच्या रक्तातील शिशाचा माग काढताना आरोग्य खात्याचे लोक त्यांनी सोबत आणलेल्या भांड्यांपर्यंत पोहोचले. म्हणजे भांडे संशयित, पण आरोपपत्रावर नाव चुकीच्या धातूचे. पितळी भांड्यांकडे परतणाऱ्यांनीही कल्हई शुद्ध कथलाची आहे की त्यात शिसे मिसळले आहे, एवढे कल्हईवाल्याला विचारून पाहावे.

आणि आता हळद, जिच्यात हा सगळा विरोधाभास एकवटला आहे. ज्या कर्क्युमिनला मेंदूचा राखणदार म्हणून बाटलीत भरले जाते, ते ज्या हळदीतून येते तिला पिवळीधमक करण्यासाठी काही ठिकाणी शिशाचा क्रोमेट चोपडला जातो. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच. बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे का आढळते याचा माग घेता घेता संशोधक तिथल्या हळदीच्या गिरण्यांपर्यंत गेले. १९८० च्या दशकात पुरामुळे हळद नीट वाळेना, हळकुंडे काळपट पडू लागली, तेव्हा पॉलिश करताना हा रंग टाकण्याची युक्ती सुरू झाली आणि नंतर ग्राहकाला तोच रंग चांगल्या हळदीची खूण वाटू लागला. नऊ प्रमुख हळद-जिल्ह्यांपैकी सातांत हा प्रकार आढळला. २०१९ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाल्यावर तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने बाजारांत सूचनापत्रके लावली, हातात धरण्याच्या क्ष-किरण यंत्राने घाऊक बाजारात जागच्या जागी तपासणी केली, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला आणि ते वृत्तवाहिन्यांवर दिसेल असे पाहिले. बाजारातील शिसेयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. दोन वर्षांत. ज्यांना वाटते की उगमापाशी उपाय करायला पिढ्या लागतात, त्यांनी हा आकडा जपून ठेवावा. त्या काळात कर्क्युमिनच्या उंदरांवरील किती निबंधांची भर पडली असेल कोण जाणे. पोटातून फारसे शोषलेच न जाणारे हे द्रव्य माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचवायचे कसे, हा त्यातील मूळ प्रश्न अजून तसाच आहे.

महाराष्ट्राला यात दूर उभे राहण्याची सोय नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोली-नांदेडचा पट्टा हळदीवर उभा आहे, आणि भेसळीचा संशय कुठल्याही गावच्या मालावर आला तरी भाव मात्र प्रामाणिक शेतकऱ्याचा पडतो. हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे आणि लेड क्रोमेटला अजिबात परवानगी नाही. प्रश्न सौद्याच्या जागी, पोती उलगडली जात असताना, कोण मोजतो हा आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या पूर्वजांना धातूंची ओळख नव्हती असे कोणी म्हणू नये. शास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हटले आहे, आणि ते नाव उगाच दिलेले नसावे. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचेच ऑक्साइड, हे मारुतीला चोपडताना आपण विसरतो आणि तोच हात मुलाला प्रसाद भरवतो. भस्मांच्या बाबतीत ‘शोधन केल्यावर धातूचा दोष जातो’ हे म्हणणे मी आदराने ऐकून घेतो. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले, तेव्हा शोधन झाले होते की नाही हे ग्राहकाने कशावरून ओळखायचे? या प्रश्नाला पोथीत उत्तर नाही, प्रयोगशाळेत आहे, आणि चांगल्या वैद्याला ती तपासणी हवीच असते. शिसे कोणत्या पॅथीच्या बाटलीतून आले याची पेशीला फिकीर नसते.

सर्वांत अवघड आक्षेप पोटाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. युनिसेफ आणि प्रदूषणाविरुद्ध काम करणारी ‘प्युअर अर्थ’ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालाने असा अंदाज केला की जगातील तीनपैकी एका मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. त्या अहवालाने ज्या कारणाकडे सर्वांत ठळकपणे बोट दाखवले, ते म्हणजे गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या फोडून उघड्या भट्टीवर शिसे गाळण्याचा धंदा. भंगारवाल्याच्या घरचे मूल त्या भट्टीमागेच खेळते, आणि त्या घरची चूलही त्याच भट्टीवर अवलंबून असते. पोलिसांनी भट्टी पाडली तर ती पुढच्या नाल्याकाठी उभी राहते, हेही मान्य. म्हणूनच भट्टी पाडण्याआधी जुनी बॅटरी त्या भट्टीकडे जाऊच नये अशी किंमत तिला अधिकृत केंद्रावर मिळाली पाहिजे. बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २००१ पासून आहेत आणि २०२२ मध्ये ते अधिक कडक झाले. परंतु अनौपचारिक भंगारवाला कर न भरता, धूर गाळण्याचा खर्च न करता जो भाव देऊ शकतो, तो अधिकृत कारखान्याला देणे परवडत नाही. घोडे तिथे पेंड खाते. ‘गरिबाला आज काहीतरी द्या’ म्हणून त्याच्या मुलाच्या हाती प्रतिऑक्सिडीकारक गोळी ठेवणे आणि बापाला त्याच भट्टीवर पाठवणे, याला दया म्हणता येईल काय?

मँगनीजचेही तसेच. जॉन कूपर यांनी १८३७ मध्ये स्कॉटलंडमधील मँगनीज दळणाऱ्या कामगारांत अडखळती चाल आणि हातापायांचा दुबळेपणा नोंदवला. आज खाणीतील, धातू गाळण्याच्या भट्ट्यांतील आणि वेल्डिंगच्या धुरातील कामगारांत पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात, आणि पार्किन्सनच्या रुग्णाला उतार देणारे लेव्होडोपा त्यांना सहसा फारसे लागू पडत नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, आणि वेल्डिंगची दुकाने तर प्रत्येक तालुक्याच्या नाक्यावर आहेत. त्यांत धूर ओढून घेणारा पंखा किती ठिकाणी दिसतो, हे ज्याने त्याने येता-जाता पाहावे. पंखा काही हजारांत येतो.

या साऱ्यात कमी पडते ती मोजणी. अंगणवाडी सेविका दर महिन्याला मुलाचे वजन करते, उंची मोजते, दंडाचा घेर मोजते. त्याच्या रक्तातील शिसे देशात कुठेही नियमितपणे मोजले जात नाही. घरगुती रंगांतील शिसे ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) खाली आणणारे नियम २०१६ मध्ये झाले, पण त्यानंतर मुलांच्या रक्तात काय बदलले हे सांगायला आपल्याजवळ आधीचाही आकडा नाही आणि नंतरचाही नाही. बांगलादेशात तो होता, म्हणून तिथे बदल दाखवता आला. हळद बाजारातील कारवाईनंतर गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या मजुरांचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा त्यातील शिसे साधारण ३० टक्क्यांनी उतरलेले आढळले. त्या मोहिमेत सूचनापत्रके होती, यंत्र होते, दंडाच्या पावत्या होत्या. मजुरांना द्यायची गोळी तीत नव्हती.